सा आणि पंचम

सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी सा लावला की आमच्या डोंबिवलीच्या घरात फडताळातले पेले थरथरायचे. मग माझी बायको सुहासिनी स्वयंपाकघरातून पंचम लावायची आणि पेले जागच्या जागी गप्प! "सापासून मोजला तर पाचवा सूर," मी नातीला समजावलं. "लांब राहतो, पण षड्जाला सोडत नाही. बायकोसारखा."

"आजी, लाव ना गं पंचम," मैथिलीनं तानपुरा छेडत हाक मारली.

सुहासिनी हात पुसत बाहेर आली. "खोटं सांगतायत तुझे आजोबा. हा तानपुरा मी माहेराहून आणलेला. चौथ्याच दिवशी हे म्हणाले, घरात गाणारा एकच पुरे. तेव्हापासून बेचाळीस वर्षं मी ह्यांना फक्त तारा जुळवून देते."