बेल-भंडारा

“ज्यानं दगा केला नाही, त्यानं पुढं येऊन बेल-भंडारा उचलावा,” पक्षाचे तालुक्यातले नेते आप्पासाहेब माइकवर म्हणाले.

झेडपीचा हा गट पक्षानं पहिल्यांदाच गमावला होता. कारणं शोधायला राहात्याच्या मंगल कार्यालयात चिंतन बैठक ठेवली होती. स्टेजवर कालच्या नवरा-नवरीची नावं थर्माकोलमध्ये तशीच होती. त्यांच्याखाली टेबलावर खंडोबाचा फोटो, पुढ्यात शपथेसाठी बेल-भंडाऱ्याचं ताट. नगरहून आलेल्या पक्ष निरीक्षकांना ही पद्धत लोकशाहीला धरून वाटली.

एकेक कार्यकर्ता उठत होता, चिमूटभर भंडारा उचलून “म्या वाल्मिकचंच काम केलं” म्हणत होता आणि जागेवर जाऊन बसत होता. पडलेला उमेदवार वाल्मिक पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. एवढ्या सगळ्यांनी खरंच काम केलं असतं, तर समोरच्याचं डिपॉझिट गेलं असतं.

बूथप्रमुख कारभारी ताटापुढं आला आणि तसाच उभा राहिला. त्याची सून ज्योती आप्पासाहेबांच्या शाळेत शिकवत होती. अजून कायम झाली नव्हती.

आप्पासाहेबांनी माइकवर हात ठेवला. “उचल की रं. सुनंची ऑर्डर निस्ती सहीला थांबलीय.”

“सायेब, देवापुढं खोटं कसं बोलू? म्या वाल्मिकच्या इरोधात काम केलं.”

वाल्मिक ताडकन उठला. “कुणाच्या सांगन्यावरून?”

“ह्यांच्याच. ‘पोरगं लई उडाया लागलंय, यंदा बसवा त्याला’, आसा फोन आल्ता.”

निरीक्षक स्वतःचा मोबाईल वाचू लागले.

“आप्पासाहेब,” वाल्मिक म्हणाला, “आता तुमी उचला.”

आप्पासाहेबांनी चपला काढल्या. चिमूट नाही, चांगला मूठभर भंडारा घेतला. “वाल्मिक मला पोटच्या पोरासारखा हाय,” ते म्हणाले. “म्या दगा केला आसंल, तर खंडोबा बघून घेईल.”

सभागृहानं येळकोट केला.

कारभारीला सहा वर्षांसाठी पक्षातून काढण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पराभवाचं कारण सापडल्याचं आणि संघटनेची नव्यानं बांधणी सुरू झाल्याचं निरीक्षकांनी वर कळवलं. मग जेवणं झाली. जाताना आप्पासाहेबांनी वाल्मिकला आपल्याच गाडीत घेतलं. गाडी गावाकडं न जाता त्यांच्या शिक्षण संस्थेच्या ऑफिसकडं वळली.

सोमवारी ज्योती शाळेत पोचली, तेव्हा तिच्या चौथीच्या वर्गात वाल्मिकची बायको हजेरी घेत होती. ज्योती दारातच थबकली. तिला बघून पोरं सवयीनं उठली आणि एका सुरात ओरडली, “नमस्ते, बाई!”

दोघींनी एकदमच त्यांना बसायला सांगितलं.