निसटलेला चेंडू

"उजवीकडे बस," निकासियो म्हणाला. "डावीकडून तुझं थोबाड मला दिसत नाही. म्हणजे तोटा काही नाही म्हणा!"

निकासियोच्या दुकानासमोर डोमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेले म्हातारे खिदळले. विदाल हसला नाही. निकासियोचा डावा डोळा विदालच्याच चेंडूने गेला होता, एकतीस वर्षांपूर्वी, बेसबॉलच्या भरल्या स्टेडियममध्ये.

हात घामेजला होता, चेंडू निसटला, असं विदालने तेव्हा सांगितलं. अख्ख्या सान पेद्रो गावाने मानलं. चेंडू निसटलाबिसटला नव्हता. आधीच्या खेपेला निकासियोने त्याच्या चेंडूवर होमरन मारला आणि दात काढत चारही बेस फिरला. एवढंच कारण. पुढच्या खेपेला विदालने कानशिलाचा नेम धरला. नंतर बारा वर्षं चेंडू फेकणारा पिचर म्हणून मिरवला, एकोणीस वर्षं कोच होऊन पोरांना सचोटी शिकवली. येत्या रविवारी मैदानाला त्याचं नाव लागायचं होतं. फीत निकासियो कापणार होता.

त्याआधी खरं ओकायचंच, असं ठरवून तो आला होता.

"आत बोलू या का?"

"चल." निकासियोने आत बायकोला हाक मारली. "क्रूसिता, कॉफी टाक गं! साखर जास्त घाल, कोचसाहेबांचं तोंड कडू दिसतंय."

आत दोघे तांदळाच्या पोत्यांवर टेकले.

"निका, तो चेंडू..."

"थांब. आधी मी." निकासियोचा आवाज एकदम उतरला. "नाहीतर रविवारी यायला माझे पाय उचलायचे नाहीत. त्या दिवशी आम्ही तुमच्या खुणा चोरत होतो. माझ्या पाठीमागे बसलेल्या तुझ्या कॅचरने तुला दोन बोटं दाखवली. आमचा दुसऱ्या बेसवरचा गडी ते बघत होता, त्याने हेल्मेटला हात लावून मला कळवलं: संथ, बाहेर वळणारा चेंडू. म्हणून मी बिनधास्त पुढे झुकलो. तुझ्या हातून चेंडू निसटला, ते खरं. पण लबाडी केली नसती तर मी डोकं मागे घेतलं असतं. डोळा माझ्याच पापाने गेला. आणि तू एवढी वर्षं स्वतःला खात राहिलास. मला दिसत होतं रे. मी गप्प बसलो."

तो हमसून रडायला लागला. कॉफी घेऊन आलेली क्रूसिता दारातच थबकली.

दोन बोटं विदालने पाहिली होती. मान हलवून होकारही दिला होता, आणि मग चेंडू कानशिलावर फेकला होता.

"मला माफ करशील?" निकासियोने विचारलं.

विदालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"केव्हाच केलं रे," तो म्हणाला.