शेवटचा पाव फेरा

"गेला तुझा कॅमेरा," ताई जिन्यावरूनच म्हणाली. "फोनवर आलंय. त्या जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांची अख्खी मालिकाच बंद होणार म्हणे."

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या तिच्या भावाने भिंगातून डोळा काढला नाही. "कंपनीने सांगितलं?"

"कंपनी मूग गिळून बसलीय. पण कधीपासून नवी लेन्स नाही, जाहिरात नाही. लोक म्हणतात, पुढे सुटे भागही मिळायचे नाहीत."

"लोकांनी मागच्या हिवाळ्यातही तिला पोहोचवून आंघोळी केल्या होत्या."

बोलला खरा, पण हातातलं काम त्याने बाजूला ठेवलं. त्या मालिकेचे कॅमेरे आता त्याच्या टेबलावर फारसे येतच नसत. एकच यायचा, मागच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा.

जाड नंबरवाल्या गिऱ्हाइकाची पंचाईत अशी, की नवी फ्रेम चढवून आरशात पाहावं तर स्वतःचंच तोंड दिसत नाही. म्हणून बाई त्याचा फोटो काढत, मग जुना चष्मा त्याच्या हातात देऊन म्हणत, "आता बघा, कसे दिसताय." त्यासाठी हा कॅमेरा. आणि त्याची डोळा लावायची चौकट सारखी ढिली व्हायची.

"बाईंच्या कॅमेऱ्याला बारमाही सर्दी आहे का रे?" ताईने विचारलं.

"जुनी मालिका. चालायचंच."

खरी गोष्ट त्याने ताईलाही सांगितली नव्हती. चौकटीचा तो तिळाएवढा स्क्रू तो दर वेळी नीट आवळायचा आणि शेवटचा पाव फेरा तेवढा सोडून द्यायचा. तेवढ्यावर बाई परत यायच्या. स्टुलावर बसायच्या, चष्म्यांच्या दांड्यांचे बारीक स्क्रू बसवून आखडलेली बोटं चोळायच्या, गिऱ्हाइकांच्या गमती सांगायच्या. त्या गेल्यावरही फ्रेम पुसायच्या स्पिरिटचा वास टेबलाशी घुटमळायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'बसा ना थोडं' म्हणायला काहीतरी निमित्त लागतंच.

दुपारी बाई आल्या. कॅमेरा टेबलावर ठेवत म्हणाल्या, "ऐकलंत का? बंद करतायत."

"अफवा असतात हो."

"आणि खरी निघाली तर?"

"तर नवा घ्या. नव्यांची दुरुस्ती कंपनीच करते. आमच्यासारख्यांकडे खेपा घालायला नकोत."

बाईंनी बोटं चोळायची थांबवली. "नवा नको. मला याचीच सवय झालीय."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. बाई कॅमेऱ्यावर जीव टाकतात, आणि आपण त्यालाच लंगडा ठेवतोय. मालिका जायचीच असेल, तर निदान हा तरी धडधाकट राहू दे. त्याने चौकट बसवली, स्क्रू आवळला, राहिलेला पाव फेराही दिला. मग त्याने वर लाखेचा एक थेंब सोडला. लाख सुकली की स्क्रू आपणहून हलत नाही; ती स्पिरिटनेच विरघळवावी लागते.

"झालं," तो म्हणाला. "आता तुम्हाला पुन्हा खेप पडायची नाही."

"असं?" बाईंनी चौकट अंगठ्याने दाबून पाहिली. मग पुन्हा एकदा दाबली. "फारच पक्कं केलंत."

त्या दिवशी गंमत सांगायची त्यांना आठवण झाली नाही.

मग बाई आल्याच नाहीत. अफवा मात्र रोज नवी यायची. ताई ती वाचून दाखवायची आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणायची, "सर्दी बरी झाली वाटतं." तो दुसराच कुठला तरी कॅमेरा उघडून बसायचा.

महिना उलटला आणि एका दुपारी दार वाजलं.

"अहो, पुन्हा ढिली झाली बघा," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "जुनी मालिका. चालायचंच."

लाखेने दगा दिला कसा, ते त्याला कळेना. त्याने स्क्रू चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला. लाखेचा मागमूस नव्हता. अनाडी हाताने उपसला असता तर खाच झिजली असती. तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

बाई भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. त्याने स्क्रू नाकाजवळ नेला. स्पिरिटचा वास येत होता.