ब्रेकच्या तेलाची रेघ

रात्रपाळी करून घरी आले, तेव्हा पाय ओढवत नव्हते. तरी पुढच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्याखाली लावलेल्या खांगच्या स्कूटरपाशी बसलेच. माझा हा भाचा घाट चढून दालात शहरी, मुलीला मागणी घालायला तिच्या आईबापांकडे निघाला होता. केसांना तेल लावायला त्याला वेळ होता, गाडीचं बघायला नव्हता.

इंजिनचं तेल ठीक होतं. हँडलवरची ब्रेकच्या तेलाची छोटी काच पुसली, तर आत तेलाची रेघ तिरकी.

गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी होती. शेजारी फरशीवर पेला ठेवला. त्यातलं पाणी सपाट.

"मावशी, आटप. सासरे वाट बघतायत."

"अजून होकार नाही आणि म्हणे सासरे. ही रेघ बघ आधी."

तो वाकला. "तिरकी आहे खरी. जुनं तेल चिकटलं असेल."

चिकटलेलं तेल हलत नाही. रेघ आमच्यादेखत हळूहळू फिरत गेली आणि शेवटी काचेत उभी राहिली. गाडी आडवी पडल्यावरच ती अशी दिसते.

मी किल्ली काढून घेतली. "आज जायचं नाही."

"झोप नाही झाली तुझी," तो हसला. "राहू दे ही, तुझी नेतो."

मी नुकतीच चालवत आणलेली माझी गाडी दाराबाहेर होती. उठून पोहोचेपर्यंत तो तिच्यावर बसलाही. मी हँडल धरलं आणि काचेकडे बघितलं.

तिथली रेघही उभी होती.