कामाचं तेवढंच

रेश्मानं आधी इंटरनेटची वायर काढली. मग कॉम्प्युटर बंद केला आणि रावजींना सांगितलं, आता दुकानात नेईपर्यंत याला हात लावायचा नाही.

रावजी मान हलवून बाजूला झाले. गेला महिनाभर त्यांचे फोटो एकेक करून उघडेनासे झाले होते. पडद्यावर नको त्या जाहिराती यायच्या. फोटोंचं त्यांना तितकं नव्हतं. त्यांच्या बायकोची, बनुबाईंची गाणी त्यात होती. कापडे गावात कुणाकडेही हळद असली की गायला बनुबाई असायच्याच. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली. त्यांचा आवाज आता त्या डब्यातच काय तो उरला होता.

"बाकी काय गेलं तर जाऊ दे," रावजी म्हणाले. "गाणी तेवढी काढ."

डबा गाडीत ठेवायला शेजारची तुळसा आली. कॉम्प्युटर राजेशनं, रावजींच्या मुलानं आणून, सगळं त्यात घालून दिलेला, असं तिनंच सांगितलं. पुढे राजेशच्या लग्नावरून बापलेकांचं बिनसलं. परत उंबरा चढू नकोस, असं रावजी बोलून गेले आणि राजेश मुंबईला गेला तो गेलाच. फोनसुद्धा नाही. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही.

"म्हातारा आता डोक्यानं हलला हाय गो," तुळसा हळूच म्हणाली. "संध्याकाळी कॉम्प्युटरपुढं बसून मोठ्यानं बोलतो. आज बनूनं पेज खाल्लान, आज बनूनं हात उचललान. ती बाजूलाच बसलेली, आन हा तिचीच खबर तिला सांगतो."

महाडच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात रेश्मानं जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढली. ती रावजींसाठी घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरला सरळ जोडली असती, तर रोग तिकडेही गेला असता. म्हणून या कामासाठी ठेवलेल्या वेगळ्या मशीनला जोडली. त्या मशीनला इंटरनेट नव्हतं. गाणी, शाबूत राहिलेले फोटो आणि शेतीचे कागद तेवढे उचलले. प्रोग्राम एकही घेतला नाही. उचललेली प्रत्येक गोष्ट तपासली, पुन्हा तपासली आणि मगच नव्या कॉम्प्युटरमध्ये टाकली.

गाणी सगळी मिळाली. एक तिनं ऐकूनही पाहिलं. मोकळा, खणखणीत आवाज होता. मागे कुणीतरी हसत होतं.

जुन्या डिस्कवर तिला आणखी एक प्रोग्राम दिसला. तो बाकीच्यांसारखा नव्हता. काही बिघडवत नव्हता, जाहिराती दाखवत नव्हता. गुपचूप बसलेला होता. रोज संध्याकाळी कॅमेरा आणि माईक चालू करायचा आणि घरातलं चित्र बाहेर कुठेतरी पाठवायचा.

दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक असं पडलेलं, आणि कुणीतरी परका रोज त्यांच्या घरात डोकावतोय. गाणी नीट उतरल्याची पुन्हा खात्री करून तिनं ती डिस्क पूर्ण पुसून टाकली. त्यातलं काही पुन्हा जिवंत व्हायला नको होतं.

नवा कॉम्प्युटर घेऊन ती संध्याकाळी कापड्याला गेली तेव्हा रावजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बनुबाईंची वेणी घालून, नवं लुगडं नेसवून त्यांना टेबलासमोरच्या खुर्चीत बसवलेलं होतं. आपण येणार म्हणून ही तयारी, असं रेश्माला वाटलं. तिला बरंही वाटलं.

तिनं गाणं लावलं. बनुबाई ऐकत राहिल्या. मग त्यांचे ओठ शब्दांमागून हलायला लागले. रावजींनी पंच्यानं त्यांचे डोळे पुसले आणि नंतर आपले.

निघताना रेश्मानं रावजींना पडवीत बोलावलं. बनुबाईंच्या कानावर जायला नको होतं.

"काका, जुन्यात अजून एक गोष्ट होती. रोज संध्याकाळी कुणीतरी त्यातून तुमच्या घरात बघत होतं. तुमचं बोलणंही ऐकत होतं."

रावजींनी दारातून आत टेबलाकडे पाहिलं.

"घाबरू नका. नव्यात ते मी येऊ दिलेलं नाही. जुनी डिस्कही पुसून टाकलीय."

"परत घालता नाय येणार?"

त्यांना नीट कळलं नसावं, असं समजून तिनं पुन्हा सांगितलं, की ते आता कुठेच शिल्लक नाही. कुणालाही इथलं काही दिसणार नाही.

रावजी खांबाला धरून खाली बसले. रेश्मानं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. हवं तर पोलिसांत तक्रार करू, मी बरोबर येते, असंही म्हणाली. त्यांनी पाणी घेतलं नाही.

"जो बघत व्हता, त्याला आता काय दिसत असंल?"

"काहीच नाही. इकडून बंद केलंय, एवढंच त्याला कळेल."

आतून बनुबाईंचं गाणं ऐकू येत होतं.

"राजेशला वाटंल," रावजी म्हणाले, "बापानं हेबी बंद केलान."