तीन सेकंद

“इथे तू रडायचंस,” दिग्दर्शक म्हणाला आणि फळ्यावरच्या सातव्या चौकटीवर त्याने खडू टेकवला.

चौकटीत काड्यांची एक मुलगी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. खाली लिहिलं होतं : फक्त सहा सेंटिमीटर!

“मी नव्हते रडले,” मुलगी म्हणाली.

“माहितीय गं. पण बघणाऱ्याला कळायला नको, किती वाईट वाटलं ते?”

शाळेत तिला सगळे नाकतोडा म्हणत. चौदा वर्षं वय, अंगात पायच पाय. खेळ लांब उडी. राज्याच्या शिबिरासाठी पाच मीटर वीस लागत होते. पहिल्या चाचणीत तिची उडी पाच अकरा भरली, दुसरीत पाच चौदा. तिसरी आणि शेवटची चाचणी आज दुपारी होती. कॉलेजच्या माहितीपटासाठी थोडक्यात हुकणारी मुलगी मिळाली म्हणून दिग्दर्शक खूश होता. जिंकणाऱ्या मुली खूप झाल्या, असं त्याचं मत होतं.

“पहिली चौकट, फाटके बूट.”

“माझे बूट चांगले आहेत, दादा.”

“बघू काहीतरी. तिसरी, आई भांडी घासतेय, तू अभ्यास करतेस.”

“भांडी बाबा घासतात. आईची दवाखान्यात ड्यूटी असते.”

मागच्या बाकावर कॅमेरावाली खुदकन हसली. दिग्दर्शकाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा वहीत डोकं घालून बसली. प्रत्येक दृश्यापुढे ती अंतर, उंची आणि वेळ लिहीत होती. तिला तशी सवय होती.

“टेप कुठल्या चौकटीत आहे?” मुलीने विचारलं.

“कसली टेप?”

“उडी मोजतात ती. जवळून घ्याल ना? दोन्ही टोकं?”

“टेप कोण बघणार? लोक माणूस बघायला येतात.”

“मग मी नाही करत.”

तिने दप्तर उचललंसुद्धा. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. फाटक्या बुटांवर अडली असती तर त्याला समजलं असतं.

“बरं बाई. तीन सेकंद.”

कॅमेरावालीने वहीत लिहिलं : बारा अ. टेप, जवळून, दोन्ही टोकं, तीन सेकंद.

दुपारी मैदानावर क्रीडाशिक्षक वहीपेन घेऊन उडीच्या फळीपाशी उभे होते. मुलगी धावली, फळीवर पाय पडला, वाळू उडाली. उठून तिने अंग झटकलं, ती मागे वळली आणि टेपचं टोक आपल्याच टाचेच्या खुणेवर धरून उकिडवी बसली. ते धरायला दुसरं कोणी नसायचंच. कॅमेरावालीने आधी तिच्या बोटांवर कॅमेरा नेला, मग ती पावलं मोजत फळीपाशी आली.

“पाच चौदा,” सर म्हणाले.

“सर, चोवीस दिसतंय,” कॅमेरावाली म्हणाली.

“दहा वजा करायचे असतात. टेपचं टोक तुटलेलं आहे आमच्या. दहापासूनच सुरू होते ती. तुम्ही तुमचा कॅमेरा सांभाळा.”

“तुटलेलं नाहीये, सर. आत्ताच बघितलं मी. कडी आहे, शून्य आहे, एक, दोन, सगळे आहेत.”

सर टेपच्या कडेने चालत गेले. मुलीने बोटं जरा बाजूला केली. कडी पितळेची होती, चकचकीत. ही टेप जूनमध्ये नवी आली होती. तुटकी अडगळीत गेली होती, पण दहा वजा करणं तेवढं सरांपाशी राहिलं होतं.

“कॅमेरा बंद करा,” सर म्हणाले.

दिग्दर्शकाने कॅमेरावालीचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. त्याचे डोळे चमकत होते. “कोणाला बोलू नकोस. हे आपण शेवटी ठेवू. पंधरा दिवसांनी पडद्यावर आलं ना, लोक खुर्च्यांवरून उठतील!”

“शिबिराची यादी आज संध्याकाळी पाचला जाते.”

“अगं, पण शेवट बघ ना काय मिळतोय!”

तिने दंड सोडवून घेतला. कॅमेरा तिने बंद केलाच नव्हता. ती सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्याकडे फिरवला. “सर, चोवीस. लिहा. आधीच्याही दोन्ही दुरुस्त करा.”

सरांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग पेन उघडलं. चौदावर काट मारली, चोवीस लिहिले आणि मान वर न करता मुलीवरच खेकसले, “टोक तू धरतेस ना? मग सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं होतं, सर. दोनदा. तुम्ही म्हणालात, तू उड्या मार, मोजायचं मी बघतो. मग एकदा मी टेप शून्याऐवजी दहावर धरली. तर तुम्ही म्हणालात, चोरी करतेस.”

सरांचं पेन तसंच वहीवर राहिलं. वाळूच्या पलीकडे आपल्या उडीची वाट पाहणाऱ्या तिघी मुली हळूहळू जवळ आल्या होत्या आणि पितळी कडीकडे बघत होत्या.

दिग्दर्शकाला अजून हळहळ वाटत होती. “आम्हाला तरी पहिल्याच दिवशी सांगायचंस! दहा दिवस तुझं स्वप्न काय, स्वप्न काय, विचारतोय मी.”

मुलीने टेपचं टोक पुढच्या मुलीच्या हातात दिलं आणि हात झटकले.

“माझं कोणी ऐकत नव्हतं, दादा. म्हटलं, कॅमेऱ्याचं ऐकतील. नाहीतर मला कुठे फिल्ममध्ये यायचं होतं!”