गुरुवारची पिशवी

काटा साडेनऊ किलोवर थांबला. परत लाल.

"अगं बारके, चार वर्षांच्या पोरीचं हे वजन?" एस्टेलबाई कळवळल्या. "चौदा महिने झाले पिशवी चालू होऊन. हिच्या अंगाला काहीच कसं लागत नाही?"

"आमाला काय म्हाईत, बाई," म्हणत बारकीनं आंब्याच्या फांदीला टांगलेल्या झोळीतून नम्रताला उतरवून घेतलं.

एस्टेलबाई लोपीस वसईच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वाडवडिलांची बागायत मात्र अफाट. दुसरी कुणी असती तर रोझरीचे मणी ओढत घरी बसली असती. या बाई दर गुरुवारी गाडी भरून खर्डीच्या वरच्या पाड्यात हजर! पोरांची वजनं करायची, तक्त्यावर ठिपका द्यायचा. पोर लाल पट्ट्यात असलं की त्याच्या घराला आठवड्याची पिशवी: तांदूळ, डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे. तीही अख्ख्या घराला पुरेल एवढी. उपाशी भावंडांच्या देखत एकट्या पोराच्या घशाखाली घास कसा उतरेल? हे डोकं बाईंचंच. पोर हिरव्यात गेलं की पिशवी पुढच्या घराला.

बारकीचा नवरा चांगो वीटभट्टीवर गेला तो परतलाच नव्हता. पदरात तीन पोरं. थोरला भावेश पाचाचा, चांगला दणकट. धाकटी शकूही गुटगुटीत. वाळत चालली होती ती मधली नम्रताच.

बाईंनी तिच्यापुढे बिस्कीट धरलं. पोरीनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हात मागे घेतला.

"केवढी शहाणी आहे गं!" बाईंना भरून आलं.

शहापूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. रोग नाही, जंत नाहीत, काही नाही. बाईंना राहवेना.

"हिला दोन महिने माझ्या घरी नेते, बारके. अशीच राहिली तर पोरगी हाती लागायची नाही."

"नको, बाई." बारकी दचकली. मग म्हणाली, "पिशवी चालू ठिवाल?"

हे बाईंना लागलं. आई ना तू? पण त्या एवढंच म्हणाल्या, "हिरव्यात येईपर्यंत ठेवीन."

वसईत पोरगी जेवली म्हणजे काय, रोज ताट चाटूनपुसून! बाई पवित्र मरियेपुढे मेणबत्त्या लावत राहिल्या. दोन महिन्यांनी नम्रता हिरव्यात आली. त्या गुरुवारी बाईंनी पाड्यात पेढे वाटले. बारकी लेकीला पोटाशी धरून ढसाढसा रडली. आनंदाश्रूच ते, दुसरं काय! नेमाप्रमाणे पिशवी शेजारच्या वत्सलाकडे गेली.

पुढे बारकी दिसेनाशी झाली. बाईंनी विचारलं की वत्सला म्हणायची, "कामाला गेली आसंल."

तीन महिन्यांनी ती पुन्हा आंब्याखाली आली. झोळीत या वेळी भावेश होता. गाल बसलेले, बरगड्या वर आलेल्या. तक्त्यावरचा ठिपका लालमध्ये पडला.

"अरे देवा! याला काय झालं? हा तर धडधाकट होता!" बाईंनी घाईघाईनं बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्यापुढे धरला.

भावेशनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय नाय झालं, बाई." बारकीनं रिकामी पिशवी उघडून पुढे केली. "नमीनं चौदा महिने काढलं. आता याची पाळी."